छंद, डिझाइन आणि कोड एकाच पानावर

वेबसाइट बनवायला शिकायचं ठरवलं की पहिला घोळ क्रमाचा होतो. आधी डिझाइन की आधी कोडिंग? कोणी सांगतं फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर पक्कं करा, कोणी सांगतं थेट रिॲक्टला, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीला, हात घाला. त्यात चित्रकला, फोटोग्राफी, गाणं असं काही अंगात असेल, तर ते आता काही वर्षं गुंडाळून ठेवावं लागणार ही धास्ती वेगळीच.

मी या तिन्हींमध्ये ये-जा करत इथवर आले. अक्षरं रेखाटायची आवड होती म्हणून सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, आवडली. कागदावरची नक्षी हलताना बघायची होती म्हणून पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट शिकले. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना मी एकच वाट सुचवते: आपल्या छंदावर एक पान बनवा. एकच, पण कोऱ्या कागदापासून ते लाइव्ह होईपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. डिझाइनमधला कुठला निर्णय कोडमध्ये किती महागात पडतो आणि कोडमधली कुठली सोय डिझाइनला नवी कल्पना सुचवते, हे कोर्स बघून कळत नाही. एकाच माणसाने दोन्ही बाजू सांभाळल्या की आपोआप कळतं.

(कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टंकायची.)

१. विषय लहान घ्या आणि मजकूर आधी लिहा

"पक्षी" हा विषय एका पानासाठी फार मोठा आहे. "माझ्या खिडकीतून दिसणारे पाच पक्षी" हा पुरेसा आहे. तसंच "फोटोग्राफी" नको, "एकाच झाडाचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो" चालेल. विषय अरुंद असला की मजकूर नेमका होतो, आणि मजकूर नेमका असला की डिझाइनचे निम्मे प्रश्न सुटलेले असतात.

एडिटर उघडण्याआधी साध्या फाइलमध्ये चार-पाचशे शब्द लिहून काढा: मथळा, प्रस्तावना, प्रत्येक फोटोची ओळ, शेवटची टीप, सगळं. भरतीचा लॅटिन मजकूर टाकून डिझाइन करायची सवय बाजारात आहे, मला ती आवडत नाही. त्या मजकुरात सगळे मथळे सारख्याच लांबीचे असतात. खऱ्या मजकुरात एक मथळा दोन शब्दांचा निघतो, दुसरा अकरा शब्दांचा, आणि पाचातले दोन फोटो उभे असतात. डिझाइन करायचं असतं ते याच वेडावाकडेपणासाठी.

२. नुसतं एचटीएमएल

आता हाच मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या टॅगांच्या भाषेत बसवा, एकही रंग न देता. मथळ्याला एच-वन, परिच्छेदांना पी, फोटोला फिगर आणि त्याखालच्या ओळीला फिग-कॅप्शन. मुख्य भाग मेन टॅगमध्ये, वरचे दुवे नॅव्हमध्ये. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगवर लँग म्हणून एमआर लिहा, म्हणजे मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला आणि स्क्रीन रीडरला (पडदा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळतं. हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग टाका. तो नसला तर फोन तुमचं पान मोठ्या पडद्याचं समजून बारीक करून दाखवतो.

रचना आधी, रूप नंतर ही विभागणी वेबच्या जडणघडणीतूनच आली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला. हाकोन व्हिउम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली ती १९९४ मध्ये, आणि सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून आली. रचना एकीकडे, रूप दुसरीकडे हा विचार तेव्हापासूनचा. त्याचा पुरावा बघायचा असेल तर २००३ साली डेव्ह शे यांनी सुरू केलेली सीएसएस झेन गार्डन ही साइट बघा. एचटीएमएल तेच, फक्त सीएसएस बदललं आहे, आणि प्रत्येक पान ओळखू येणार नाही इतकं वेगळं दिसतं. डिझाइनकडून आलेल्यांनी तिथे निवांत वेळ घालवावा.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. दाबायची वस्तू असेल तर बटन टॅग वापरा, डिव्ह (स्वतःचा काही अर्थ नसलेला रिकामा डबा) नको. डिव्हला रंग देऊन बटनासारखं दिसायला लावता येतं, पण टॅब की दाबत गेलं तर फोकस त्याच्यावर थांबतच नाही आणि एंटर दाबून काही होत नाही. एआयकडून कोड लिहून घेत असाल तर हे आवर्जून तपासा. तिथून डिव्हची बटनं सर्रास येतात.

सजावट नसलेलं हे पान ब्राउझरमध्ये उघडून वरपासून खालपर्यंत वाचा. नुसतं वाचूनही अर्थ लागत असेल तर पाया नीट बसला.

३. अक्षरं

या पायरीवर मी रेंगाळणार आहे, कारण वेबचं बहुतेक डिझाइन म्हणजे अक्षरांचं डिझाइन. अक्षरं जमली की पान ऐंशी टक्के झालं असं मी मानते. मोजलेला आकडा नव्हे, माझा हट्ट समजा.

ब्राउझरमध्ये मजकुराचा मूळ आकार १६ पिक्सेल असतो. तिथून सुरू करा आणि मोठे आकार मनाला येतील तसे न घेता एका गुणोत्तराने चढवा. १.२५ ने गुणत गेलात तर १६, २०, २५, ३१ अशी चढण मिळते. गाणं शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: षड्ज ते शुद्ध गंधार हे अंतर ५:४ म्हणजे हेच १.२५, शुद्ध मध्यम ४:३ आणि पंचम ३:२. टाइपोग्राफीतली माणसं अक्षरांच्या चढणीसाठी नेमकी हीच गुणोत्तरं वापरतात आणि त्यांना स्वरांतरांचीच नावं देतात. शांत, वाचायच्या पानाला गंधाराची चढण बरी पडते. मोठा ठसठशीत मथळा हवा असेल तर पंचमाने चढा: १६, २४, ३६, ५४.

ओळ फार लांब ठेवू नका. रोमन मजकुरासाठी एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं हा जुना छपाईतला अंदाज आहे, देवनागरीलाही साधारण चालतो. मजकुराच्या डब्याला मॅक्स-विड्थ, म्हणजे कमाल रुंदी, दिली की काम झालं.

मराठी मजकुराची खरी परीक्षा पुढे आहे. "मूर्तींतून" हा शब्द घ्या. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली दोन ठिकाणी दीर्घ उकार. रोमन मजकुराला पुरणारी १.५ ची लाइन-हाइट (अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) इथे कोंदट होते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसू बघतात. मी १.७ च्या आसपास ठेवते, मथळ्याला १.३ ते १.४. इंग्रजी टेम्प्लेटमधून उचललेली १.१ ची मथळ्याची लाइन-हाइट मराठी मथळा दोन ओळींचा झाला की लगेच उघडी पडते.

लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, देवनागरीत हात लावू नका. इंग्रजीत मथळ्याची अक्षरं थोडी विरळ केली की रुबाबदार दिसतात. आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द फुटका दिसतो. तिरपी अक्षरंही टाळा. फॉन्टमध्ये तिरपा प्रकार नसला तर ब्राउझर उभी अक्षरंच ढकलून वाकवतो. जोर द्यायचा तर ठळक वजन वापरा.

फॉन्ट निवडताना त्याच्या जाहिरातीतलं वाक्य बघून भुलू नका. स्वतःची परीक्षा-ओळ तयार ठेवा. माझ्या ओळीत "सुऱ्या", "ॲप", "ळ", "ज्ञ", "द्ध" आणि मराठी आकडे असतात. "ऱ्या" नीट जुळला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर काही फॉन्ट ते आपल्या पोटात बाळगून असतात आणि वर सांगितलेलं लँग एमआर असेल तरच बाहेर काढतात. मोफत आणि खुल्या परवान्यातले मुक्ता, बलू, नोटो सॅन्स देवनागरी हे सुरुवातीला पुरेसे आहेत. तिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच मिळते. एका पानाला दोन फॉन्ट पुष्कळ झाले. देवनागरीत जोडाक्षरं खूप, त्यामुळे फॉन्टची फाइल जड असते. म्हणून वजनंही मोजकीच घ्या, बहुतेक वेळा साधं आणि ठळक एवढ्यावर भागतं. फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या, म्हणजे फाइल उतरेपर्यंत वाचकासमोर रिकामी जागा येत नाही.

४. रंग आणि रिकामी जागा

रंग तीन घ्या: मजकुराचा, मागचा आणि दुव्यांचा. ते आपल्या छंदातून घेतले तर उत्तम. फोटोतला एखादा रंग आयड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या साधनाने) उचला आणि थोडा गडद करा.

मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, तपासा. वेबच्या सुलभतेच्या प्रमाणांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट हवा. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा रंग ४.४८ वर अडकतो, म्हणजे नापास. #७६७६७६ मात्र ४.५४ ने पास. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून अंदाजावर भिस्त ठेवायची नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो.

अंतरांसाठी ८ चे पट धरा: ८, १६, २४, ३२, ४८. प्रत्येक पॅडिंग आणि मार्जिन यातलंच. नवख्या पानात १३, १७, २२ अशी अंतरं पडतात आणि पान का विस्कळीत दिसतंय हे कोणालाच सांगता येत नाही. आणि सीएसएसच्या फाइलमध्ये सर्वांत वर बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स देऊन ठेवा, नाहीतर पॅडिंग वाढवलं की डबाच रुंद होतो आणि सगळे हिशेब चुकतात.

५. लेआउट: अरुंद पडद्यापासून सुरुवात

पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीसाठी इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हा शब्द रूढ केला. मार्च २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड मोठ्या ब्राउझरांत आलं. त्याआधी लोकांनी फ्लोट आणि टेबलांवर काय काय कसरती केल्या ते तुम्हाला शिकायची गरज नाही. जुनी ट्युटोरियल्स दिसली तर पुढे चला.

साधा नियम: एकाच दिशेने मांडायचं असेल तर फ्लेक्स, आडवं-उभं दोन्हीकडे बसवायचं असेल तर ग्रिड. पान आधी ३६० पिक्सेल रुंदीवर नीट दिसेल असं करा, मग खिडकी हळूहळू रुंद करत न्या. जिथे ते वाईट दिसायला लागेल तिथे मीडिया क्वेरी, म्हणजे ठरावीक रुंदीलाच लागू होणारा सीएसएसचा नियम, घाला. कुठल्या फोनची रुंदी किती याची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. फोटोंच्या गॅलरीला तर मीडिया क्वेरीही लागत नाही. ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये रिपीट, ऑटो-फिट आणि मिनमॅक्स वापरून किमान २४० पिक्सेल आणि कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) दिलं की रकाने आपोआप कमी-जास्त होतात.

फोनवर पान आडवं सरकायला लागलं तर घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या, बाहेर डोकावणारा डबा लगेच दिसतो. बहुतेक वेळा तो मोठा फोटो असतो, त्याला मॅक्स-विड्थ शंभर टक्के द्या. फोटो नसेल तर फ्लेक्समधल्या डब्यात न तुटणारा लांब मजकूर अडकलेला असतो, एखादा वेब पत्ता वगैरे. फ्लेक्समधला डबा आतल्या मजकुराहून अरुंद व्हायला तयार नसतो. त्याला मिन-विड्थ शून्य दिलं की तो आवरतो, आणि ओव्हरफ्लो-रॅप दिलं की लांब मजकूर तुटून खाली येतो.

६. जावास्क्रिप्ट छंदाच्या कामाला लावा

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तेव्हाच्या नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्या घाईच्या खुणा भाषेत आजही दिसतात, त्यावर विनोद भरपूर आहेत. नवख्यांना ती शिकवताना कामांची यादी बनवायला लावतात. मला तो सराव कंटाळवाणा वाटतो. त्याऐवजी सूर्यफूल काढा.

पानावर एक कॅनव्हास (कोडने चित्र काढायचा टॅग) ठेवा. लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, शून्यापासून ३०० पर्यंत ठिपके काढायचे. ठिपक्याचा क्रमांक एन धरला तर त्याचा कोन एन गुणिले १३७.५ अंश आणि मध्यापासूनचं अंतर एनच्या वर्गमुळाच्या पटीत, समजा ८ पट. कोनाचा कोसाइन घेऊन आडवी जागा, साइन घेऊन उभी. जावास्क्रिप्टला कोन रेडियनमध्ये लागतो, म्हणून अंशांना पायने (π) गुणून १८० ने भागा. एवढ्या ओळींत सूर्यफुलाच्या बियांची मांडणी पडद्यावर उभी राहते. हे सूत्र हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये मांडलं. वर्गमूळ का? वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून वर्गमूळ घेतलं की ठिपके मध्यात आणि कडेला सारखेच दाट राहतात.

आता १३७.५ च्या जागी १३७ करा. अर्धाच अंश फरक, पण भरीव चकती मोडून एका दिशेला वळलेले हात दिसायला लागतात. १३८ केलं की चित्र पुन्हा बदलतं. १२० केलं तर सगळे ठिपके तीन सरळ रेषांत जाऊन बसतात. आकडा बदला, पान रिफ्रेश करा, बघा. या खेळात लूप, व्हेरिएबल, फंक्शन सगळं हाताखालून जातं, आणि डिझाइनरला मिळतं ते वेगळंच: एका आकड्याने आख्खं चित्र बदलतं हे त्याच्या बोटांना कळतं. ठिपके धूसर दिसले तर पडद्याची पिक्सेल घनता जास्त आहे. कॅनव्हासची रुंदी-उंची डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (ब्राउझर सांगतो त्या घनतेच्या आकड्याने) गुणा, दिसायचा आकार सीएसएसने पूर्वीचाच ठेवा आणि चित्रही त्याच पटीत स्केल करा.

यात गोडी लागली तर पुढचा थांबा पी-फाइव्ह-जेएस, कोडने चित्रं काढायची जावास्क्रिप्टची लायब्ररी. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकारांसाठी प्रोसेसिंग हे कोडिंगचं साधन सुरू केलं, त्याचाच विचार लॉरेन मॅकार्थी यांनी पुढे जावास्क्रिप्टमध्ये आणला. तिथे नॉइझ नावाचं फंक्शन आहे, केन पर्लिन यांच्या तंत्रावरचं. साध्या रँडमने रेषा दातेरी येते, नॉइझने ती डोंगराच्या कडेसारखी सलग चढते-उतरते. गाण्याकडे ओढ असेल तर वेब ऑडिओ, म्हणजे ब्राउझरमध्ये आवाज तयार करायची सोय, घ्या: ४४० हर्ट्झपासून सुरू करून दर वेळी सुमारे १.०५९५ ने गुणत गेलात की बारा पायऱ्यांनी ८८० वर, म्हणजे वरच्या सप्तकात पोचता. वाचकाने काही दाबल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सुरू करू देत नाही, तेव्हा एक बटन ठेवा. खरं बटन.

हलणाऱ्या गोष्टींबाबत दोन पथ्यं. सीएसएसने घटक हलवायचा तर ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी बदला. टॉप किंवा विड्थ बदलली तर ब्राउझरला मांडणी पुन्हा पुन्हा मोजावी लागते, आणि सेकंदाला ६० चौकटींच्या हिशेबात एका चौकटीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दुसरं, काहींना हलत्या पडद्याने गरगरतं. त्यांनी आपल्या यंत्रात हालचाल कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो. प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन ही मीडिया क्वेरी वापरून त्यांना स्थिर चित्र दाखवा.

७. फोटो हलके करा

कॅमेऱ्यातून आलेला फोटो जसाच्या तसा चढवू नका. दिसायची रुंदी ८०० असेल तर १६०० पिक्सेलचा फोटो पुरे, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-प्रकारांत. इमेज टॅगवर विड्थ आणि हाइट लिहा, म्हणजे फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जात नाही. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी द्या (म्हणजे वाचक जवळ आल्यावरच ते उतरतात), पण अगदी वरच्या मोठ्या फोटोला देऊ नका, तो उगाच उशिरा येतो.

८. गिट आणि लाइव्ह

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा. सुरुवातीला ॲड (बदल निवडणं), कमिट (त्यांची नोंद करणं), पुश (नोंद नेटवर पाठवणं) एवढे तीन आदेश पुरतात. कमिटच्या संदेशात "बदल केले" असं लिहिण्यापेक्षा "फोनवर गॅलरी दोन रकान्यांची केली" असं लिहा, सहा महिन्यांनी तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल. साइट चढवायला गिटहब पेजेस, नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्या मोफत योजना एका पानाला भरपूर आहेत. स्वतःचं डोमेन नंतर घेतलं तरी चालतं.

चढवण्याआधी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने पान फिरून बघा. मजकूर २०० टक्के मोठा करून बघा. आणि फोन उन्हात धरून वाचा. ऑफिसच्या दिव्याखाली पास झालेले करडे रंग तिथे गळतात.

९. दुसऱ्याला दाखवणं

पान ज्याला दाखवाल त्याला काहीही समजावू नका. फोन हातात द्या आणि गप्प बसून अंगठा कुठे थांबतो ते बघा. "छान आहे" या अभिप्रायाचा उपयोग शून्य. दुवा समजून एखाद्या रंगीत शब्दावर त्याने टिचकी मारली, तर तो रंग बदलायचा हे कळलं.

काम मागायला जाल तेव्हा हेच पान पुढे करा आणि सोबत थोडक्यात निर्णय लिहा: ही अक्षरचढण का घेतली, गॅलरीला मीडिया क्वेरी का लागली नाही, हालचाल कोणासाठी बंद केली. ज्याला डिझाइनर हवा आहे तो पहिला मुद्दा वाचेल, ज्याला डेव्हलपर हवा आहे तो दुसरा. ज्या छोट्या टीममध्ये एकाच माणसाला दोन्ही बघावं लागतं तिथे तिन्ही वाचले जातात, आणि आपल्यासारख्यांना बहुतेक करून अशाच टीममध्ये जागा मिळते.